वीस पावलांचं अंतर

“कोण गेलं जी, मुनशीजी?” खांद्यावरची कावड न उतरवताच हिरासिंगने विचारलं.

सदाशिवराव बाभळीला हात टेकून धापा टाकत उभे होते. शब्द फुटेना, म्हणून त्यांनी नुसतीच मान हलवली. कोणी नाही. पण हिरासिंगचा विश्वास बसला नाही. उजाडायच्या आत, हातात ना पिशवी ना लोटा, आणि मुनशीजी तरातरा गावाबाहेर निघालेले. म्हणजे कुणाच्या तरी मयतीचा निरोप घेऊनच ना? एकसष्ट सालच्या पांढरकवड्यात प्रकृतीसाठी चालणारा माणूस अजून कुणी पाहिला नव्हता.

श्वास जागेवर आल्यावर सदाशिवरावांनी सांगितलं, की दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रोज सकाळी दोन मैल चालायला लावलं आहे. हिरासिंगने विचारलं, मग जाता कुठी? कुठी नाही, मैलाच्या दगडापर्यंत जायचं अन् वापस यायचं, असं उत्तर ऐकून म्हातारा मनापासून हसला.

“बैलही असा चालत नाही जी,” तो म्हणाला. “त्याच्या पाठीवर कायतरी असते.”

हिरासिंग केळापूरच्या अलीकडच्या बंजारा तांड्यातला. त्याच्या आज्याने बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख पालथा घातला होता. हिरासिंगच्या वाट्याला पाच एकर कापसाची पऱ्हाटी आणि गावात दूध घालणं आलं. एरवी सदाशिवराव अशा बोलक्या माणसाशी घटकाभर थांबले असते. पण हिरासिंग दिसला की गेली दोन वर्षं ते रस्ता बदलत. आजही ते “बरं” म्हणाले आणि मान खाली घालून निघाले.

सदाशिवराव अर्जनवीस होते. तहसील कचेरीसमोरच्या लिंबाखाली सतरंजी टाकून तीस वर्षं ते लोकांचे अर्ज लिहीत आले. बांध कोरला, विहीर बुजवली, भाऊ वाटा देत नाही. माणसं तोंडाला येईल ते बोलत आणि सदाशिवराव ते सरकारला कळेल अशा भाषेत उतरवत. मांडी घालून बसण्यात उभा जन्म गेला. या उन्हाळ्यात जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की काळीज थकलंय. बसून राहाल तर येती दिवाळी दिसायची नाही, आणि पळाल तर त्याच्याही आधी जाल. आपली चाल आपण शोधायची. तिची खूण एकच: चालता चालता बोलता आलं पाहिजे. बोलताना दम तुटला, तर चाल जास्त झाली.

बरोबर बोलायला कुणी नव्हतं. म्हणून सदाशिवराव चालताना अर्जाचा मजकूरच म्हणत. “मेहेरबान तहसीलदारसाहेब यांचे सेवेशी, अर्जदार सविनय विनंती करतो की...” विनंतीपर्यंत पोचता पोचता दम तुटायचा. कारण विनंतीच्या आतच मागून तो आवाज सुरू व्हायचा.

जोडव्यांचा आवाज. मुरमाच्या रस्त्यावर खड्याला जोडवं लागलं की होतो तसा, बारीक, टिक, टिक. फार जवळ नाही. वीसेक पावलं मागं. सदाशिवराव थांबले की तोही थांबे. चालू लागले की चालू लागे. मागं वळून पाहायची छाती होत नव्हती, म्हणून ते पाय उचलत, आणि पाय उचलले की काळीज घशाशी येई. आठ दिवस त्यांनी वणीकडचा रस्ता धरून पाहिला. कोळशाच्या ट्रकांची धूळ खाल्ली. पण ट्रक निघून गेला आणि धूळ खाली बसली, की टिक, टिक. शेवटी ते केळापूरच्या रस्त्यावरच परत आले. तो रस्ता तिचाच होता.

त्यांची बायको इंदूबाई जाऊन दोन वर्षं होत आली होती.

त्या नवरात्रात सदाशिवरावांचे थोरले भाऊ बबनराव ढाणकीहून आले होते. केळापूरच्या देवीचं दर्शन घेऊन सगळे पायीच परत निघाले. दोघे भाऊ पुढं, इंदूबाई मागं. एरवीही ती नवऱ्याच्या चार पावलं मागं चाले. त्या दिवशी तर भासरे सोबत होते. नवऱ्याच्या थोरल्या भावाची सावलीही अंगावर पडू द्यायची नाही, त्याच्या कानी आपला आवाज जाऊ द्यायचा नाही, अशी त्या घरची रीत. सदाशिवरावांना मागची जोडवी ऐकू येत होती. आधी चार पावलांवर, मग दहा, मग वीस. मग ऐकूच येईनाशी झाली. त्यांना वाटलं, भासऱ्यांची मर्यादा म्हणून मागं राहतेय. बबनराव म्हणालेसुद्धा, “सूनबाईले रीत हाये बरं, सदाशिव. आताच्या पोरी त अंगावर येतेत.” आणि सदाशिवरावांना, खोटं कशाला सांगायचं, त्याचा अभिमान वाटला होता.

महिनाभरापूर्वी भाकरी थापता थापता ती म्हणाली होती, की मले आजकाल धाप लागते जी, पायही सुजते. चालायची सवय नाही राह्यली तुले, असं म्हणून त्यांनी ताट पुढं ओढलं होतं.

दोघे भाऊ नाक्याजवळच्या हॉटेलात दुसरा चहा घेत होते, तेव्हा हिरासिंगची बैलगाडी येऊन थांबली. गाडीत कडब्यावर इंदूबाई होती. डोक्यावरचा पदर जागच्या जागी होता. जीव वाटेतच गेला होता.

तेव्हापासून एक गोष्ट सदाशिवरावांनी हिरासिंगला विचारली नव्हती, आणि तिच्यापासूनच ते पळत होते. गाडीत घातली तेव्हा ती जिवंत होती. मग ती काहीतरी बोलली असेल.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते मैलाच्या दगडाच्या अलीकडंच खाली बसले. डावा हात जड झाला होता. दूध घालून परतणारा हिरासिंग मागून आला, त्याने कावड खाली ठेवली आणि काही न विचारता शेजारी टेकला. चरवीच्या तळाशी उरलेलं घोटभर दूध त्यांना पाजलं.

“कायले पळता, मुनशीजी?” मग हिरासिंगने विचारलं. “कोण मांगं लागलं तुमच्या?”

सदाशिवरावांनी सांगून टाकलं. तीस वर्षं दुसऱ्यांचं गाऱ्हाणं नीटनेटकं मांडणाऱ्या माणसाला स्वतःचं धड सांगता येईना. अडखळत, मधलं आधी आणि आधीचं शेवटी करत त्यांनी जोडव्यांचं सांगितलं. हिरासिंग हसला नाही. तेव्हा सदाशिवरावांनी धीर करून विचारलं, “ती काही बोलली होती काय?”

हिरासिंगने डोक्याचा फेटा काढून मांडीवर ठेवला.

“मोहाच्या झाडाखाली बसली होती याडी,” तो म्हणाला. आईला त्यांच्या बोलीत याडी म्हणत, आणि कुठल्याही बाईला तो तसंच म्हणे. “तुमी दोघं दिसून राह्यले होते पुढं. लय दूर नोयते. मी म्हटलं, आवाज देतो मुनशीजीले. त माह्या हाताले धरलं तिनं. नोको म्हणे, भासरे हायेत सोबत.”

“अन्?”

“बसून राह्यली रस्त्याकडं पाहत. मी गाडी वळवून आणली तरी उठे ना. मले म्हणे, थांब थोडं, ते पाह्यतीन मांगं वळून.”

समोरच्या पऱ्हाटीत पिवळी फुलं उमलत होती. दूर कुणीतरी आवाज देत बैल हाकत होतं.

जायला उठताना हिरासिंगने त्यांना हाताला धरून उभं केलं. मग स्वतःशी बोलावं तसा म्हणाला, “आमच्या आज्याच्या तांड्यात दुखऱ्या बैलाले मांगं नाही ठेवत. पुढं घालत. मंग त्याची चाल तेच सगळ्याईची चाल. कोणाले धाप लागत नाही, कोणी मांगं सुटत नाही.” त्याने कावड उचलली आणि तो आपल्या वाटेला लागला.

दुसऱ्या दिवशी सदाशिवराव निघाले तेव्हा फटफटलं होतं. गाव संपलं, मुरूम लागला, आणि आवाज सुरू झाला. टिक, टिक. ते थांबले. आवाजही थांबला, त्याच अंतरावर. नवरा थांबला म्हणून ती कधी पुढं आली नव्हती. कधीच आली नसती. हे त्यांना या सगळ्या काळात सुचलं नव्हतं.

सदाशिवराव रस्ता सोडून कडेच्या गवतात उतरले. दवाने धोतराची कड भिजली. ते मागं वळले. रस्ता रिकामा होता, पार नाक्यापर्यंत. त्या रिकाम्या रस्त्याकडं ते पाहत राहिले. सुजल्या पायांच्या बाईला वीस पावलं यायला जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ त्यांनी जाऊ दिला. मग अंग चोरून ते आणखी थोडं मागं सरकले, अरुंद बोळात एखाद्याला वाट द्यावी तसे.

“हो पुढं,” ते हळूच म्हणाले.

शेताकडं निघालेल्या दोन बायांनी हे पाहिलं. गवतात एकटाच उभा असलेला म्हातारा, रिकाम्या रस्त्याला वाट देणारा. त्यांनी एकमेकींकडं पाहिलं आणि त्या पुढं गेल्या.

थोड्या वेळाने सदाशिवराव रस्त्यावर चढले आणि चालू लागले. अगदी सावकाश, मध्येच थबकत, पुढच्याच्या टाचेवर पाय पडू नये म्हणून जपून चालावं तसे. मैलाच्या दगडापाशी पोचायला त्यांना एरवीच्या दुप्पट वेळ लागला. तिथवर ते काही ना काही बोलत होते, आणि दम कुठंही तुटला नव्हता.