आंब्याच्या वळणावरचा भोंगा

सम्राटला लहानपणापासून एक खोड होती. वस्तू हातात आली की ती आतून कशी आहे हे बघितल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. घरातल्या रेडिओचं पोट त्यानं शाळेत नाव घालायच्या आधीच उघडलं होतं, आणि तो रेडिओ पुन्हा कधी बोलला नाही. तेव्हापासून त्याचा बाप दादू त्याला ‘इंजिनेर’ म्हणायचा. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, ते दादूलाच ठाऊक.

आता दादूचे गुडघे कुरकुरायला लागले होते, म्हणून पासली ते वेल्हे वडापची जीप सम्राट चालवायचा. एसटीची वाट बघून ज्यांचा जीव मेटाकुटीला येतो, त्यांना मिळेल तिथं बसवून नेणारी गाडी म्हणजे वडाप. तिला पाटी नाही, वेळापत्रक तर नाहीच. माणसांनी ती ओळखायची कशी, हा प्रश्न दादूनं फार वर्षांपूर्वी आपल्या पद्धतीनं सोडवला होता.

रस्त्यात एक मोठं आंब्याचं झाड आहे आणि तिथंच अवघड वळण. वळणाच्या वर, डोंगराच्या निम्म्यात, टेपाची वाडी. वाडीत मोबाईलला रेंज नाही आणि वरून रस्ता धड दिसतही नाही. दादूनं जीपच्या टपावर एक भोंगा बांधला आणि वळण जवळ आलं की त्यावर रोज एकच गाणं लावायला सुरुवात केली. गाणं त्यानंच रचलेलं, त्यानंच वेल्ह्यात जयंतीच्या कार्यक्रमात गायलेलं आणि कॅसेटवर भरून घेतलेलं. त्याची चाल डोंगरावर पोचली की वाडीतली बाई चुलीपुढून उठायची, शाळेची पोरं दप्तरं उचलायची, आणि गाणं संपता संपता सगळी आंब्याखाली हजर व्हायची. गाण्याची लांबी आणि वाटेची लांबी यांचं काहीतरी जमून गेलं होतं. नुसत्या हॉर्नवर कुणी हलायचं नाही, कारण त्या वळणावर झाडून सगळ्या गाड्या हॉर्न वाजवतात.

हे सगळं सम्राटच्या जन्मापासून चाललेलं, त्यामुळं त्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं. त्याचा जीव अडकला होता मोबाईलवर दिसणाऱ्या एका स्टिरिओत. भलामोठा टच स्क्रीन, चार स्पीकर, शिवाय सीटखाली ठेवायचा वूफर. जीपमधला जुना टेप आतल्या बाजूला कधीच मुका झाला होता, त्याचे दारातले स्पीकर फाटून त्यात मुंग्यांनी संसार थाटला होता. चालायचा तो फक्त टपावरचा भोंगा.

घ्यायच्या आधी तो भोरला कुमारच्या दुकानात जाऊन आला. कार डेकोरचं दुकान, सीट कव्हरांच्या वासानं भरलेलं. कुमारनं वूफर लावून दाखवला तेव्हा काचेचं दार थरथरलं.

“किती वॅटचा?” सम्राटनं विचारलं.

“तुमाला किती पायजे तेवढ्याचा,” कुमार म्हणाला. “पर ह्यो घ्या. छातीत धडकी भरंल.”

सम्राटनं खिशातून मोबाईल काढून तसाच माल ऑनलाईन कितीला आहे ते दाखवलं. कुमारचा चेहरा आंबट झाला. “मंग तितंच घ्या की. मला कशाला इचारता? फकस्त बसवायला माज्याकडं आणू नका. उद्या बंद पडला तर बोंब माज्या नावानं.”

झालं, ठिणगी पडली. सम्राटनं त्याच संध्याकाळी ऑर्डर टाकली. त्याआधी लोकांनी लिहिलेले अभिप्राय त्याला जवळजवळ पाठ झाले होते. ‘आवाज जबरदस्त’, ‘पैसा वसूल’, ‘शेजारी तक्रार करतात’. शेजारी तक्रार करतात म्हटल्यावर आणखी काय बघायचं?

कुरिअर पासलीपर्यंत येत नाही, म्हणून खोकं वेल्ह्याच्या बाजारातून आणावं लागलं. मग अंगणात जीप उभी करून, मोबाईलवर व्हिडिओ बघत, पिवळी वायर बॅटरीला, लाल वायर चावीला, असं करत त्यानं सगळं स्वतः बसवलं. पहिल्या फटक्यात वाजलं तेव्हा तो इतका हरखला की त्यानं बापाला हाताला धरून पुढच्या सीटवर बसवलं.

“आता ह्या भोंग्याचं काय काम?” म्हणत त्यानं टपावरचा भोंगा सोडला. भोंगा असला की गाडी कुल्फीवाल्याची वाटते, असं त्याला कॉलेजच्या वयापासून वाटत आलं होतं. दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला, त्याला तो देऊन टाकला. दादूनं ते पाहिलं, पण तो बोलला नाही. त्याचं न बोलणं सम्राटला बोलण्यापेक्षा जास्त टोचायचं.

पासलीची माणसं स्टिरिओवर खूश झाली. कॉलेजच्या पोरी आपापली गाणी लावा म्हणायच्या. पण आंब्याखाली मात्र काहीतरी बिनसलं. सम्राट वळणाला दादूचं, आता मोबाईलवर भरून घेतलेलं, गाणं लावायचा, आता तर पूर्ण आवाजात, आणि झाडाखाली गाडी उभी करायचा. वाट रिकामी. सगुणाबाई तर कधी चुकायची नाही. तिचं दूध वेल्ह्याच्या हॉटेलात जायचं आणि वरच्या वाटेनं ती सगळ्यांच्या पुढं यायची. तीही नाही.

पहिल्यांदा त्याला वाटलं, वाडीत काही कार्य असेल. मग वाटलं, साथ आली असेल. मग एकदा वेल्ह्यात त्यानं सगळ्या वाडीला बंडूच्या व्हॅनमधून उतरताना पाहिलं. बंडूची व्हॅन मागून येते आणि माणसं भरेपर्यंत आंब्याखाली खुशाल उभी राहते. सगुणाबाई दुधाची किटली घेऊन उतरली, सम्राटकडं तिची नजर गेली, आणि तिनं तोंड फिरवलं.

हे तोंड फिरवणं त्याला लागलं. वाडी आली नाही तर सकाळची फेरी डिझेललाही पुरायची नाही, हे खरंच. पण नुसतं तेवढंच असतं तर तो बंडूला चार शिव्या घालून मोकळा झाला असता. ही माणसं त्याच्या बापाच्या गाडीत बसत आलेली. सगुणाबाईनं त्याला लहानपणी मांडीवर घेऊन वेल्ह्याच्या दवाखान्यात नेलं होतं. ती तोंड का फिरवेल?

विचार करता करता त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि तो उजेड साफ चुकीचा होता. भोरचा कुमार सगुणाबाईचा जावई! दुकानातला माल सोडून सम्राटनं ऑनलाईन घेतला, त्याचा राग कुमारनं सासूच्या कानात ओतला, आणि सासूनं सगळी वाडी फिरवली. सम्राटला हे इतकं पटलं की त्यानं ते बापाला तावातावानं सांगितलं.

दादूनं ऐकून घेतलं. “तू इचारलंस का कुणाला?”

“आपुन का इचारायचं? त्येंनी सोडलं, त्येंनी सांगावं.”

“रेडिओ उघडताना तरी आत काय हाय ते बगायचास,” दादू म्हणाला. “आता नुसतं वरनंच बगतोस व्हय?”

हे मात्र बरोबर वर्मी बसलं. कारण खरं सांगायचं तर रागापेक्षा त्याला कुतूहलच जास्त छळत होतं. वाडीतली माणसं सकाळी नेमकं करतात काय? माझं गाणं ऐकून घरात बसून राहतात? हसतात? शेवटी त्यानं ठरवलं की आपण वर जाऊन बघायचं. गाडी त्या दिवशी दादू आणणार होता, गाणं पूर्ण आवाजात लावून, झाडाखाली नेहमीइतकंच थांबून.

सम्राट मागच्या पायवाटेनं वाडीत पोचला तेव्हा सगुणाबाई उंबऱ्यावर बसली होती. डोक्यावर पदर, पायात वहाणा, शेजारी दुधाची किटली. निघायच्या पूर्ण तयारीत. मान किंचित वाकडी करून तिनं एक कान दरीकडं लावला होता.

त्याला बघून ती म्हणाली, “काय रं, आज चालत? गाडी इकल्याली दिसतीया.”

“गाडी कशाला इकीन? रोज येती की खाली. तुमीच येत न्हाई. त्या बंडूच्या गाडीत जाता.”

“जाऊ न्हाई तर काय करू?” तिचा आवाज चढला. “तुजं गानं बंद झालं. पैल्यांदा वाटलं, दादू आजारी पडला आसंल. मग येल्ह्यात बगितलं तर तू आपला गाडीला टेकून चा पितूयास! म्हनलं, ह्येला आता कालेजच्या पोरी मिळाल्या, वाडीची म्हातारी कशाला पायजे? गुपचूप खालनं निघून जातोस.”

“मावशी, गानं रोज लावतो! पैल्यापरीस डबल आवाजात!”

“मला काय भैरी समजतोस?”

“थांबा जरा. आबा गाडी घिऊन येतीलच आता. तुमीच ऐका.”

दोघंही उंबऱ्यावर कान देऊन बसले. समोर तोरण्यावर ऊन उतरत होतं. कुठंतरी कोंबडा ओरडला, खालच्या खाचरात कुणीतरी बैलाला हाकारलं, आणि ते शब्दन् शब्द ऐकू आलं. मग खालून ढुम, ढुम, ढुम असा एक आवाज आला, कुणी लांब कणगीवर बुक्क्या मारल्यासारखा. एक हॉर्न वाजला. ढुम ढुम थोडा वेळ एका जागी वाजत राहिलं आणि मग हळूहळू विरून गेलं.

“ह्ये तेवढं येतं रोज,” सगुणाबाई म्हणाली. “मढे घाटाकडं पोरं जात्यात न्हवं गाड्या घिऊन, त्येंचं.”

ती पोरं नव्हती. तो स्वतः होता. गाडीत बसलेल्याच्या छातीत धडकी भरवणारा तो महागडा आवाज चार झाडं ओलांडून वर येता येता मेला होता. त्याच्यातलं गाणं खालीच राहिलं आणि वर नुसत्या बुक्क्या पोचल्या. ऑनलाईन कुणी विचारलं नव्हतं, कुमारनंही विचारलं नव्हतं, की बाबा, तुझं गाणं ऐकणारं माणूस बसतं कुठं? आणि दुसऱ्यांनी कशाला विचारावं? त्याचं त्यालाच सुचलं नव्हतं. त्याला मनापासून लाज वाटली.

“मावशी,” तो उठत म्हणाला, “चला लवकर, गाडी...”

पण गाडी गेली होती. वडापवाल्याची स्वतःची गाडी चुकली, असं त्या खोऱ्यात कधी घडलं नसेल. त्याला सगुणाबाईची किटली मांडीवर घेऊन बंडूच्या व्हॅनमध्ये बसावं लागलं, आणि बंडू वेल्हे येईपर्यंत आरशातून त्याच्याकडं बघून हसत होता. हॉटेलात पोचले तर मालक म्हणाला, “मावशी, आज बी उशीर. मी पिशवीचं आनलं.” सगुणाबाई किटली उचलून दुसऱ्या हॉटेलाकडं चालू लागली, तिथंही नाही म्हणाले तर पुढच्या. सम्राट तिच्यामागं किटलीचं झाकण हातात धरून चालत राहिला. असं किती सकाळी झालं असेल, हे विचारायची त्याची हिंमत झाली नाही.

दुपारी तो नसरापूर-कापूरहोळ करत भोरला गेला आणि कुमारच्या दुकानात मान खाली घालून उभा राहिला.

“भोंगा पायजे.”

“ऑनलाईन मिळंल की, सम्राटशेठ.”

मग सम्राटनं सगळं सांगितलं. कुमारबद्दल काय काय मनात आणलं होतं तेही सांगून टाकलं. कुमार आधी चिडला, मग गोष्ट सम्राटची स्वतःची गाडी चुकण्यावर येईतो पोट धरून हसायला लागला, आणि दुधाचं ऐकून हसायचा थांबला.

“आमची सासू कवा बोलली बी न्हाई,” तो म्हणाला. “आन म्या तरी तुमाला काय येगळं देनार व्हतो? वूफरच गळ्यात मारला आसता.” माळ्यावरून त्यानं धूळ बसलेला एक भोंगा काढला. “बसवतो मीच. तुमच्या त्या ऑनलाईनच्या डब्यालाच जोडतो. एक बटन देतो, दाबलं की भाईर, सोडलं की आत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी वळण यायच्या आधी सम्राटनं बटण दाबलं. गाणं पातळ, चिरकं, नाकातून आल्यासारखं निघालं आणि सरळ डोंगर चढून गेलं. गाणं संपलं तसं तो आंब्याखाली थांबला. वाट रिकामी होती. मग वरच्या करवंदीआड किटलीची कडी वाजली, तिच्यामागं पोरांचा गलका, आणि सगळी वाडी धापा टाकत खाली आली.

“सवय मोडली न्हवं,” सगुणाबाई पुढच्या सीटवर बसत म्हणाली. “जरा उशीर झाला.”

सम्राटनं बटण सोडलं आणि पुन्हा गाणं लागलं, या वेळी आत. दादूचा भरदार, तरुण वयातला आवाज चारी बाजूंनी आला, ढोलकीवरच्या बोटांसकट. जुन्या टेपला आतला आवाजच नव्हता. माणसं बसली की दादू भोंगा बंद करायचा, आणि डोंगरावर तर नुसती चाल पोचायची. गाडी वळणातून निघाली. सम्राट आवाज कमी करायला गेला, तर सगुणाबाईनं त्याचा हात धरला.

“थांब. ह्यात बोल बी हायेत व्हय?”

ती ऐकत राहिली.

“शेणी थापती म्हनतोय तुजा बा,” ती थोड्या वेळानं म्हणाली. “नवरा परदेशात शिकायला, आन ही हितं शेणी थापून घर चालवती. कोन ही बाई?”

“रमाई. बाबासाहेबांची कारभारीण.”

सगुणाबाईनं आपल्या हातांकडं पाहिलं. सकाळच्या शेणाचा हिरवा रंग अजून नखांत होता.

“इतकी वर्सं हिच्या हाकंवर डोंगार उतरत आले,” ती म्हणाली, “आन मला ठावं न्हाई.”

गाणं संपलं आणि गाडीत नुसता इंजिनाचा आवाज राहिला.

“पैल्यापासनं लाव,” सगुणाबाई म्हणाली. “आन गाडी जरा हळू घे.”