डाव्या मुठीतला शिक्का

ओ आडनावाच्या कोरियन मालकाने मनलालच्या मनगटावर गमबूट रोवला आणि हातोडा उचलला.

"बँकेत सही करणार होतास ना, या हाताने?" तो शांतपणे म्हणाला. "कर आता."

पहिल्याच घावात दोन बोटांचा चुरा झाला. दुसरा पडायच्या आत मनलालने मालकाच्या पोटरीचा असा लचका तोडला की त्या आरोळीने शेडमधली डुकरं बिथरून गजांवर आदळू लागली. हातोडा खाली पडला. मनलालने तो डाव्या हाताने उचलला आणि मालकाच्या गुडघ्यावर घातला. मग तो धावत सुटला.

हाच मालक सुरुवातीला काय मायाळू होता. मनलाल नेपाळहून कोरियात आला तेव्हा स्वतः बँकेत घेऊन गेला, खातं उघडून दिलं. इथे सहीऐवजी नावाचा शिक्का मारायची रीत, म्हणून शिक्काही कोरून आणला. मग "हरवशील बाबा" म्हणत पासबुक नि शिक्का आपल्याच कपाटात. पगार जमा व्हायचा आणि शिक्का मारून मालकच उचलायचा. तिकडे गावी, रोल्पात, बिमकलाचं, मनलालच्या बायकोचं, पोटाचं ऑपरेशन पुढेपुढेच ढकललं जात होतं.

शेवटी मनलालच्या तक्रारीवरून कामगार कचेरीने मालकाला बुडवलेला पगार परत द्यायला लावलं. फक्त मनलालने स्वतःच्या ताब्यातलं नवं खातं आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. शिक्का मालकाच्या कपाटात, म्हणून खातं सहीवरच उघडायचं होतं. पासपोर्टवरच्या सहीचा हात बसावा म्हणून तो खाद्याच्या रिकाम्या पोत्यावर सह्या गिरवत बसायचा. तेच पोतं मालकाच्या नजरेस पडलं.

बँकेच्या दारात शेरमान उभा होता. त्याच्याच गावचा, वयाने मोठा, म्हणून मनलाल त्याला 'दाइ', म्हणजे दादा, म्हणायचा.

"अरे देवा. मना, आधी दवाखाना."

"हात कुठे पळून जातोय, दाइ? बँक बंद होईल."

काउंटरवरच्या बाईंनी पांढऱ्याफटक चेहऱ्याने कागद पुढे केला. डाव्या हाताने काढलेली सही म्हणजे नुसती कोंबडीची नखं.

"पासपोर्टशी जुळत नाही हो," त्या म्हणाल्या. "हात बरा झाला की या ना."

आपण इतका मार खाऊनही मालकच जिंकला, या विचाराने मनलालला रडू फुटलं. तेवढ्यात त्याचं लक्ष बाईंच्या मेजावर गेलं. तिथे लाल शाईची डबी होती.

"बाई, शिक्का चालेल?"

"चालतो की. नव्या खात्याला नवा शिक्का."

रस्त्यापलीकडच्या दुकानातून शेरमानने शिक्का कोरून आणला. मनलालने तो डाव्या हाताने कागदावर दाबला, अंगातलं सगळं बळ लावून. बाईंनी पासबुक दिलं. शेरमानने कामगार कचेरीला तिथूनच फोन करून खात्याचा नंबर सांगितला.

"आण, पासबुक नि शिक्का दोन्ही मी सांभाळतो," शेरमान मायेने म्हणाला.

मनलाल एक पाऊल मागे सरला. पासबुक त्याने बनियनच्या आत खुपसलं.

दवाखान्यात सुई टोचायला नर्सने डावी मूठ उघडायला सांगितली. त्याने उघडली नाही.

"पायाला टोचा," तो म्हणाला.