देठाला दोरा

ताईच्या डाव्या कानाच्या पाळीला जे लोंबत होतं त्याला डॉक्टर केलॉइड म्हणायच्या, बाबा गोळा म्हणायचे आणि मी भाडेकरू म्हणायचो. आला तेव्हा टाचणीएवढ्या भोकात राहिला. मग त्याने बाल्कनी काढली, वर एक मजला चढवला, आणि दीड वर्षात कोटाच्या बटणाएवढा गुलाबी, चकचकीत, टणक होऊन बसला. भोक ताईने हौसेने पाडून घेतलं होतं. कानात आधी एक होतं, हे दुसरं. तिने आयुष्यात केलेली एवढीच चैन.

आमचं दुकान अल्टरेशनचं. माणसं सुटतात, वाळतात, आणि आम्ही त्यांच्या मागे कपडे पळवतो. बाबा मशीनवर, ताई कटिंगला, मी बटणं, हुक आणि काज. दिवसभर तोंडात टाचण्या असतात म्हणून घरात मला टाचण्या म्हणतात. आई तीन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून फोडणी करपवण्याचं कामही माझ्याकडे.

भाडेकरू नुसता बसला असता तर चाललं असतं. पण तो खाजायचा, ठणकायचा. ताई डाव्या कुशीवर झोपू शकायची नाही. केस मोकळे सोडून ती त्याला झाकायची, आणि गिऱ्हाइकं तरी बघायचीच. पँटची कंबर सैल करायला आलेल्या एका काकांनी सांगितलं, "लसूण चोळ, आठ दिवसांत गळून पडेल." आठ दिवसांनी काका परत आले, कंबर अजून सैल करायला. भाडेकरू जागेवर होता, वर लसणाने भाजलेला.

शेवटी आम्ही तिघंही त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. बाई शांत होत्या. त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला असं?"

"नाही," बाबा म्हणाले.

"आईला होतं," ताई म्हणाली. "पोटावर. हा झाला तेव्हाच्या टाक्यांवर."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे या घरातला पहिला भाडेकरू मीच आणला होता. मी नमस्कार केला. दुसरं काय करणार.

"तुम्ही शिवणवाले, तुम्हाला लगेच कळेल," डॉक्टर म्हणाल्या. "जखम झाली की शरीर ती शिवून काढतं. तुमच्या मुलीचं मशीन शिवून झालं तरी थांबत नाही. टाक्यावर टाका घालत बसतं. हा कॅन्सर नाही, कुणाला लागत नाही. पण नुसतं कापलं तर काय होईल? नवी जखम. मशीन पुन्हा चालू, आधीपेक्षा जोरात. म्हणून कापायचं नाही. दर चार आठवड्यांनी त्यात इंजेक्शन. आठ तरी लागतील. बसला की मग पुढचं बघू."

"आठ महिने?" बाबा म्हणाले. "आम्ही लग्नाचा सूट दोन दिवसांत देतो."

"सूटला रक्त नसतं," डॉक्टर म्हणाल्या.

इंजेक्शनं सुरू झाली. गोळा इतका टणक की औषध आत जाताना ताई खुर्चीचे हात पकडून छताकडे बघायची. बाबांनी मापाच्या वहीत एक पान काढलं. वर लिहिलं 'कान, डावा', खाली घेर, मिलिमीटरमध्ये. आधीच्या पानावर कुणाची तरी छाती होती, पुढच्या पानावर कुणाचे तरी नितंब. पहिल्या महिन्यात एकोणसाठ, दुसऱ्यात छप्पन्न, तिसऱ्यात एकावन्न. डॉक्टरांनी वही बघून सांगितलं की एवढी नीट नोंद त्यांचे शिकाऊ डॉक्टरही ठेवत नाहीत. बाबा दोन दिवस हवेत होते.

त्याच सुमारास ताईला नोकरी लागली. शिवण शिकवणाऱ्या केंद्रात कटिंगची शिक्षिका. दहा वर्षं बाबांच्या कात्रीखाली काढल्यावर तिला दुसऱ्या कुणाला तरी ओरडायची संधी मिळाली होती. पहिल्या तारखेला हजर व्हायचं होतं. पत्राबरोबर नियम होते. सहावा नियम असा, की मशीनजवळ केस मोकळे चालणार नाहीत. सगळे केस बांधून टोपीत, कान उघडे.

ताईने तो कागद वाचला, घडी केली, उघडला, परत वाचला. नंतर आरशासमोर केस वर धरून उभी राहिली.

"तीस पोरी समोर बसणार," ती म्हणाली. "त्या कापडाकडे बघतील का?"

मी म्हणालो, "त्यालाही हजेरीपटावर घे." ती हसली नाही. त्या काळात माझे विनोद असेच पडायचे, पण मी ते चालूच ठेवायचो. आमच्यात थांबायची पद्धत नाही.

पहिली तारीख अकरा दिवसांवर होती तेव्हा बाबा म्हणाले, "टाचण्या, इकडे ये. बघ. याला देठ झालाय."

आणि खरंच झाला होता. औषधाने गोळा मुळाशी नरम पडून बारीक झाला होता, वर अजून जाड. कोटाचं बटण कापडाला चिकटवून लावत नाहीत. मध्ये जरा जागा सोडतात आणि त्या जागेतल्या धाग्यांना भोवती दोरा गुंडाळून आवळतात. त्याला देठ म्हणतात. दुकानात माझ्यासारखा देठ कुणाचा नाही. कोट फाटेल, बटण निघणार नाही.

"देठ आवळला की वरचं वाळून पडेल," बाबा म्हणाले. "रक्तच जाणार नाही."

"डॉक्टर नको म्हणाल्यात," मी म्हणालो.

"कापू नका म्हणाल्या. आपण कुठे कापतोय? बांधतोय."

आमच्या घरात हे बिनतोड होतं. कापणं हे ताईचं खातं, बांधणं हे माझं. तिघांनाही यात काही चुकतंय असं वाटलं नाही.

दुपारी शटर अर्धं ओढलं. ताईने स्वतःच मेणाचा दोरा काढून दिला. स्टुलावर बसली, केस उजवीकडे घेतले आणि म्हणाली, "काही होणार नाही ना?"

माझ्या तोंडात टाचण्या होत्या. मी मान हलवली, नाही म्हणून.

नऊ वेढे दिले. नंतर गाठ, गाठीवर गाठ. ताईच्या मांडीवर शिसवी फूटपट्टी होती, ती तिने दोन्ही हातांनी धरली होती. आठव्या वेढ्याला ती म्हणाली, "बास का?" मी म्हणालो, "एकच." बाबांनी जवळ येऊन काम तपासलं आणि हुंकार दिला. वर्षातून दोनदा मिळणारा हुंकार.

दुसऱ्या दिवशी गोळा जांभळा झाला, तिसऱ्या दिवशी काळा. बाबा म्हणाले, वाळतोय. चौथ्या दिवशी एक गिऱ्हाईक बाई नाकाला रुमाल लावून म्हणाल्या, "उंदीर मेलाय का हो कुठे?" आम्ही शोधला. चिंध्यांची पोती हलवली, मशीन पुढे ओढलं, कपाटामागे बॅटरी मारली. ताईसुद्धा गुडघ्यांवर बसून टेबलाखाली शोधत होती. मी तिच्या शेजारी वाकलो तेव्हा वास वाढला. तिला त्याच वेळी कळलं असावं, कारण ती टेबलाखालून बाहेर यायला फार वेळ लावत होती.

पाचव्या दिवशी ताप. निम्मा गाल सुजून लाल, डोळा बारीक झालेला.

डॉक्टरांना दोरा सापडेना. सुजलेल्या मांसात तो पार आत गेला होता. बावीस मिनिटं लागली. मी भिंतीवरच्या घड्याळात मोजली.

"ही गाठ कुणी मारली?" त्यांनी विचारलं.

"मुलाने," बाबा म्हणाले, आणि सवयीने त्यांच्या आवाजात थोडा अभिमान आला. मग त्यांनी ताईकडे पाहिलं आणि खाली बसले. खुर्ची नव्हती तिथे. जमिनीवरच बसले.

मेलेलं मांस काढताना पाळीही अर्धी गेली. पहिल्या तारखेला ताई हॉस्पिटलात होती, हाताला सलाईन. मी केंद्रात जाऊन सांगितलं की ती आजारी आहे. तिथल्या बाईंनी विचारलं, काय झालंय. मी म्हणालो, कानाचं. त्या म्हणाल्या, पुढची बॅच वर्षाने, तेव्हा बघू.

जखम भरली आणि डॉक्टर म्हणाल्या होत्या तसं मशीन पुन्हा चालू झालं. चार महिन्यांत उरलेल्या पाळीच्या कडेने नवा गोळा आला, लांबट, थेट जबड्याकडे निघालेला. मी त्याला कसलंच नाव ठेवलं नाही. बाबा एकदा टेप घेऊन जवळ गेले. ताई म्हणाली, "हात लावू नका." बाबांनी टेप गुंडाळून ठेवला. त्या दिवसापासून दुकानात तिघं तीन भिंतींकडे तोंड करून काम करतो.

पुढे डॉक्टरांनी तो कापला. या वेळी कापल्यावर चोवीस तासांच्या आत किरणांचा उपचार, असे तीन दिवस, मग इंजेक्शनं, आणि कानाला दाबाचा चिमटा. रोज बारा तास, वर्षभर. चिमटा दोन चकत्यांचा, मध्ये स्क्रू. "सैल राहिला तर उपयोग नाही, जास्त आवळला तर पाळी मरेल," त्या म्हणाल्या. "आरशात नीट बसत नाही. घरात कुणाचा हात बारीक कामाचा आहे?"

मी तिथेच बसलो होतो.

"कुणाचा नाही," ताई म्हणाली. "माझं मी लावीन."

डॉक्टरांनी स्क्रूचे अडीच फेरे सांगितले. त्यापुढे विषय निघाला नाही.

वर्षाने केंद्राचं पत्र आलं, नियम तेच. हजर व्हायच्या सकाळी ताई आरशासमोर चिमटा बसवत होती. तो वाकडा बसत होता. खालची चकती पाळीच्या पुढे जात होती. नखभर मागे घ्यायला हवी होती, मला दोन सेकंदांचं काम. मी दारात हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. तिने काढला, परत लावला, परत वाकडा. चौथ्यांदा काढला तेव्हा मला तिच्या कानाची मागची बाजू दिसली. टाक्याच्या रेषेवर एक गुलाबी, चकचकीत दाणा होता.

"टाचण्या," ती आरशातूनच म्हणाली. वर्षात पहिल्यांदा. "मला मागचं दिसत नाही. काही आहे का?"

माझ्या तोंडात या वेळी काही नव्हतं.

"आहे," मी म्हणालो.

"केवढं?"

"मोहरीएवढं."

तिने मान हलवली. पाचव्यांदा चिमटा लावला, अडीच फेरे पुटपुटत मोजले. तो वाकडाच बसला. मग तिने सगळे केस वर घेऊन टोपीत कोंबले, दोन्ही कान उघडे केले आणि पर्स उचलली.

"बाबांना सांगू नकोस," ती म्हणाली. "डॉक्टरांकडे मी संध्याकाळी परस्पर जाईन."

"मी येऊ?"

"नको."

ती गेली. बाबांनी आतून विचारलं, "नीट गेली का?" मी टाचण्यांची डबी उघडली आणि एकेक करून सगळ्या तोंडात धरल्या.