दीपगृहाचा रखवालदार

फासा टेबलावरून घरंगळला तो थेट चष्म्यांच्या कपाटाखाली गेला. बेकरीवाला लगेच गुडघ्यांवर बसला आणि फरशीला गाल लावून आत बघू लागला.

"राहू दे रे, दुसरा घेऊ," चष्मेवाला म्हणाला.

"दुसरा कसा? पडला तो आकडा धरायचा, असंच ठरलंय आपलं. हात लावत नाही, नुसता वाचतो." थोडा वेळ त्याची पाठच तेवढी दिसत होती. "नऊ! वहिनी, नऊ पडले."

"नऊ म्हणजे चांगलं की वाईट?" वहिनींनी विचारलं.

"तसं मधलंच," चष्मेवाला घाईघाईने म्हणाला. "धुकं दीपगृहाच्या पायरीपर्यंत आलं आणि मागे फिरलं. रखवालदाराला काही झालं नाही."

गणिताच्या बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. फाशाला दहा बाजू, आणि आकडा जितका मोठा तितकी खेळणाऱ्याची कंबख्ती, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. मागच्याच फेरीत आठ पडले म्हणून त्यांच्या खेळातल्या वार्ताहर मुलीचा डावा हात कायमचा बधिर झाला होता. पण त्यांनी नुसतं पेन्सिलीचं टोक तपासलं.

दुकानाला आज सुट्टी होती. शटर अर्धं खाली ओढलेलं, मधल्या टेबलावरचे आरसे बाजूला सारलेले, आणि एका टोकाला पुठ्ठ्याचा उभा आडोसा करून त्यामागे चष्मेवाला बसलेला. खेळ सांगणारा तोच. बाकीचे प्रत्येकी एकेक माणूस व्हायचे, एका जुन्या बंदरातले, आणि त्या बंदराच्या समुद्राखाली काहीतरी होतं. काय ते कधीच पुरतं सांगायचं नाही, हीच त्यातली गंमत. त्याचं माणसांशी वैर नव्हतं. झाडू मारणाऱ्याचं कोळिष्टकाशी कुठे वैर असतं? पण धुक्यातून त्याची नुसती चाहूल लागली तरी माणसाचं भान थोडं थोडं सुटायचं, आणि सगळं सुटलं की त्या माणसाचा खेळ संपला. जिंकणं हा प्रकारच नव्हता. "दर सुट्टीला न चुकता हरायला येतो," बेकरीवाला म्हणायचा, "आणि घरी वाटतं मी मजा मारतोय."

दीपगृहाचा रखवालदार मूळचा लिफ्टवाल्याचा. दिवसभर उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायच्या आणि सुट्टीच्या दिवशी इथे येऊन मनोऱ्यात चढायचं, यावरून त्याची पुष्कळ थट्टा व्हायची. तो जाऊन आता काही महिने झाले होते. त्याच्या घरी भेटायला गेले तेव्हा तिघंही काय बोलावं म्हणून कपातल्या चहाकडे बघत बसले होते, आणि वहिनींनी एकदम विचारलं, "ह्यांचं ते दीपगृह आता कोण सांभाळतंय?"

खरं तर रखवालदाराला एखाद्या दिवशी धुक्यात गडप करून टाकायचं, असं त्यांनी आपसात ठरवून टाकलं होतं. पण पुढच्याच सुट्टीला वहिनी शटरखालून वाकून आत आल्या, पदर झटकला आणि लिफ्टवाल्याच्या खुर्चीत बसल्या.

"घरी बसवत नाही," म्हणाल्या. "रेडिओ लावला की बंद करावासा वाटतो, बंद केला की परत लावावासा वाटतो. शिकवा मला हे."

शिकल्याही भराभर. आणि तेव्हापासून चष्मेवाल्याला मात्र चैन नव्हतं. टेबलाखाली त्याचा पाय सारखा हलत असायचा. तेच भिंग तो पुन्हा पुन्हा पुसायचा. धुकं रखवालदाराकडे निघालं की तो काहीतरी निमित्त काढून ते बेकरीवाल्याच्या कोळ्यावर किंवा बाईंच्या वार्ताहर मुलीवर वळवायचा, आणि त्या दोघांनी आपली दैना मुकाट्याने सोसली होती.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "एक विचारू? माझ्यावरच कसं काही येत नाही?"

"येईल की. अजून खेळ बराच आहे."

"बाईंचा हात गेला. बेकरीवाल्या भाऊजींचा कोळी तर आता माशांशी बोलतो. मी तेवढी खिडकीशी उभी. मला काय पाहुणी म्हणून बसवलंय?"

"अरे हो, यावरून आठवलं," बेकरीवाला फाशावरची धूळ शर्टाला पुसत म्हणाला. "वहिनींना बाजूला घेतलंस का तू? की तेही राहिलंच?"

चष्मेवाल्याने पुन्हा भिंग पुसायला घेतलं.

"बाजूला म्हणजे?" वहिनींनी विचारलं.

"आमची पद्धत आहे," बाई म्हणाल्या. "एखाद्याच्या माणसाचं काही गुपित असलं तर ते फक्त त्याला आणि सांगणाऱ्याला ठाऊक. त्या आतल्या तपासणीच्या खोलीत जाऊन बोलायचं. तोवर बाहेरच्यांनी मोठ्याने गप्पा मारायच्या, म्हणजे ऐकू येत नाही. आणि कोणी दुसऱ्याचा माणूस चालवायला घेतला, की त्याची सगळी गुपितं त्याला सांगायचीच. पहिला फासा टाकायच्या आधी, खरं तर."

"मग रखवालदाराचं आहे काही?"

"सगळ्यांचंच असतं," चष्मेवाला म्हणाला. "पुढच्या वेळी सांगतो. आज उशीर होईल."

"उशीर? दुपार आहे," बाई म्हणाल्या.

वेळ मारून न्यायची त्याची ही काही पहिली खेप नव्हती. दर सुट्टीच्या आधी तो स्वतःला बजावायचा की आज सांगून टाकू, आणि वहिनी शटरखालून आत आल्या की ते जिभेवर येऊन परत फिरायचं. कारण वहिनींनी एक गोष्ट घट्ट धरून ठेवली होती. भेटेल त्याला त्या ती सांगत. मला काही म्हणजे काही करता आलं नाही, पण ह्यांना शेवटपर्यंत कळू दिलं नाही. मी रिपोर्ट चांगले आहेत म्हणायचे, की ह्यांना पटायचं. निश्चिंत गेले. हे सांगताना त्यांचा आवाज तेवढ्यापुरता स्थिर व्हायचा. तो आधार आपल्या हाताने काढून घ्यायचा, या कल्पनेनेच चष्मेवाल्याचा जीव खालीवर होत होता.

"नाही, आजच," वहिनी उठून उभ्या राहिल्या. "कुठे आहे ती खोली?"

खोली म्हणजे लहानशी अंधारी जागा. समोरच्या भिंतीवर अक्षरांची पाटी, मध्ये खुर्ची, खुर्चीपुढे हनुवटी टेकवायचं यंत्र. वहिनी खुर्चीत बसल्या. बाहेर बेकरीवाल्याने ठरल्याप्रमाणे आवाज चढवून, पावाचं पीठ थंडीत का फुगत नाही, ते बाईंना समजावायला घेतलं.

लिफ्टवालाही याच खुर्चीत बसला होता. त्या दिवशी उलट त्यानेच चष्मेवाल्याला बाजूला घेतलं होतं. यंत्रावर हनुवटी ठेवून, काचेच्या पलीकडून एक डोळा मोठा करून दाखवत त्याने रखवालदाराचं गुपित सांगितलं, आणि चष्मेवाल्याने खूश होऊन त्याच्या पाठीवर थाप मारली होती. वा, काय झकास सुचलंय! "चांगलं आहे ना?" लिफ्टवाला हसून म्हणाला होता. पुढे दवाखान्याच्या जिन्यात वहिनींनी चष्मेवाल्याला गाठलं, आजाराचं नाव सांगितलं, आणि ह्यांना माहीत नाही, तुमच्या तोंडून चुकून जायला नको म्हणून शपथ घातली. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. त्यानंतर दोघांच्याही समोर तो तोंड शिवून बसला.

"मी खेळातलं सांगतो, वहिनी," तो म्हणाला.

"खेळातलंच सांगा."

"तुमच्या रखवालदाराच्या अंगात ते भिनलंय. समुद्राखालचं. तो आता फार दिवसांचा नाही. बंदरात कोणाला हे ठाऊक नाही."

"आणि त्याला?"

"त्याला माहीत आहे. पहिल्यापासून."

वहिनी अक्षरांच्या पाटीकडे बघत होत्या.

"बंदरात त्याची बायको आहे," चष्मेवाला म्हणाला. "तिलाही माहीत आहे. ती त्याच्यापासून लपवते. आणि तो तिला लपवू देतो."

बाहेर बेकरीवाला कोमट पाण्यापर्यंत पोचला होता. बाई मोठ्याने "अस्सं?" म्हणाल्या.

"हे तुम्ही रचलंत, भाऊजी?"

हो म्हटलं असतं तर तो सुटला असता. वहिनी घरी गेल्या असत्या, रेडिओ लावला असता, बंद केला असता. पुढच्या सुट्टीला पुन्हा येऊन बसल्या असत्या. हो म्हणायला त्याने तोंड उघडलंसुद्धा.

"नाही," तो म्हणाला. "त्याने सांगितलं. तुम्ही मला जिन्यात सांगितलंत ना, त्याच्या आधी."

"आधी?"

"आधी."

वहिनींचा आवाज आला तो चांगलाच चढलेला होता.

"मी रिपोर्ट चांगले आहेत म्हणायचे, तर हे मला म्हणायचे, 'बघ, मी म्हटलं नव्हतं?' वर हसायचे. मी मोरीत नळ सोडून रडायचे, आणि बाहेर आले की हे विचारायचे, 'कपडे झाले का?' कपडे झाले का! एवढं नाटक! माझ्याशी?"

चष्मेवाल्याला त्यांच्याकडे बघवेना. आपण सांगायला नको होतं असं त्याला वाटलं, आणि आणखी आधीच सांगायला हवं होतं असंही वाटलं.

"का पण? विचारलंत तुम्ही?"

"विचारलं होतं. तेव्हा मला वाटलं, गोष्टच आहे. म्हटलं, तो तिला सांगून का टाकत नाही? तर म्हणाला, 'तिच्या हातात तेवढंच उरलंय. तेही काढून घेऊ?'"

वहिनींनी दोन्ही तळवे चेहऱ्यावरून खाली ओढले, जोरात, तोंड धुतल्यासारखे. खांदे एकदोनदा हलले. मग त्यांनी नाक पुसलं, केस कानामागे सारले आणि उठल्या.

"चला," म्हणाल्या. "ते दोघं बोलून दमले असतील."

टेबलाशी येऊन बसल्यावर बेकरीवाल्याने त्यांचा चेहरा पाहिला आणि पाव, पीठ, कोमट पाणी सगळं अर्ध्यावर सोडलं. बाईंनी पाण्याचा ग्लास त्यांच्याकडे सरकवला.

"काही भयंकर आहे का?" बेकरीवाल्याने हळूच विचारलं.

"तुम्हाला कसं सांगू? गुपित आहे," वहिनी म्हणाल्या, आणि ग्लास एका दमात संपवला. "भाऊजी, कोणाची पाळी?"

"तुमची."

"रखवालदार दीपगृहातून खाली उतरतो. बंदरात जातो. घरी."

चष्मेवाला आडोशामागे ताठ बसला. "धुकं आहे. वाटेत..."

"असू दे. तो जातो. बायको घरी आहे ना?"

"आहे."

"काय करतेय?"

"कपडे धुतेय," तो म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याची त्यालाच भीती वाटली.

वहिनींनी मान हलवली. खुर्ची थोडी पुढे घेतली. हात टेबलावर ठेवले आणि त्या, इतके दिवस रखवालदाराबद्दल सांगत आल्या तशा नाही, रखवालदार होऊन, सरळ चष्मेवाल्याकडे बघून बोलल्या.

"अगं, पुरे कर ते खोटं. मला माहीत आहे."

बेकरीवाल्याने बाईंकडे पाहिलं. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

खेळातली बाकीची सगळी माणसं सांगणाऱ्याच्या वाट्याची. तेव्हा बायको व्हायचं ते चष्मेवाल्याला. तो त्या आडोशामागे काही शोधत असल्यासारखा बघत राहिला. पूर्वी केलेली तयारी, नकाशे, फासे, सगळं होतं तिथे, आणि हे मात्र कशातच नव्हतं.

"ती काय म्हणते, ते तुम्हीच सांगा ना, वहिनी."

"मी कशी सांगू? मी आज 'हे' आहे," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही सांगा. मला ऐकायचंय."

चष्मेवाल्याने पुठ्ठ्याचा आडोसा घडी करून खाली ठेवला. टेबलाखालचा पाय थांबला होता.

"अहो," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चिरकला तरी कोणी हसलं नाही. "अहो, मग इतके दिवस एकट्याने कशाला सोसलंत?"

"एकटा कुठे होतो?" वहिनी म्हणाल्या. "रोज तू समोर बसून खोटं बोलत होतीस की."

रस्त्यावरून कोणीतरी शटरवर हात आपटत, दुकान उघडं आहे का, म्हणून विचारत होतं. बाईंनी तिथूनच ओरडून नाही म्हणून सांगितलं. वहिनींनी पदराने डोळे पुसले, फासा आपल्यापुढे ओढला आणि मुठीत धरला.

"हं," त्या म्हणाल्या. "आता येऊ दे त्याच्यावर. काय यायचं ते."