मेरी गुलामचा दगड

यारमूना गावात आता कुणी राहत नाही. छप्पर उडालेलं दुमजली हॉटेल, रेल्वेचा फलाट आणि रुळांच्या पलीकडे खजुराची चार झाडं, एवढंच काय ते उरलंय. खजूर लावले होते उंटवाल्यांनी, उंटांवरून माल वाहायला समुद्रापलीकडून आणलेल्या माणसांनी. गाव भरभराटीला होतं तेव्हासुद्धा त्यांना रुळांच्या अलीकडे घर बांधू देत नसत.

जुलैतल्या, म्हणजे इकडच्या ऐन थंडीतल्या, एका गारठलेल्या सकाळी बेरिल गुलाम त्या फलाटावर उभी होती. अंगात दोन स्वेटर, हातात चहाचा मग. तिच्यासमोर तिचा थोरला भाऊ लेनी एका शिळेला दोरानं शिडीवर बांधत होता. निळसर पाटीच्या दगडाची जाडजूड शिळा, पोर्ट ऑगस्टाहून खास घडवून आणलेली. ती न्यायची होती डोंगरातल्या झऱ्यापाशी, त्यांच्या आजीच्या थडग्यावर. उंटांचा तांडा परत येत असताना आजी तिथे तापानं गेली आणि आजोबांनी तिला तिथेच पुरलं. तेव्हापासून त्या जागेवर नुसते गोटे रचलेले होते. गाडी अर्ध्या वाटेपर्यंतसुद्धा जात नव्हती.

"चौघं मिळून उचलू," लेनी म्हणाला.

"चौघं कोण? तुझा खुबा मोडलेला, माझा गुडघा बदललेला. उरली एकटी कार्लीन."

कार्लीन, बेरिलची लेक, पाण्याचे कॅन भरता भरता हसली. "आई, मामाचा हिशोब वेगळा असतो. तो स्वतःला दोन माणसं धरतो."

तेवढ्यात लाल धुरळा उडवत एक ट्रक आला. मागच्या पिंजऱ्यातून एक लांबलचक मान बाहेर आली आणि तिनं सगळ्या गावावरून तुच्छतेची नजर फिरवली. लेनीच्या हातातला दोर तसाच राहिला.

"त्याला कुणी बोलावलं?"

"मी," बेरिल म्हणाली.

ट्रकमधून मरी उतरला, त्यांचा चुलतभाऊ. किनाऱ्यावरच्या एका गावात तो सांडण्या पाळायचा आणि पर्यटकांना वाळूत फिरवून आणायचा. चुलत्याच्या, म्हणजे मरीच्याच वडिलांच्या, मयतीला लेनी चारचौघांत त्याला म्हणाला होता, "आपल्या बापजाद्यांनी अर्ध्या देशाची लोकर वाहिली, आणि तू लोकांची ढुंगणं वाहतोस." तेव्हापासून दोघांत शब्द नव्हता.

मरी थेट ट्रकच्या मागे गेला. त्यानं सांडणी उतरवली, तिच्या मानेवर थोपटलं. तिचं नाव शर्ली. लेनीनं दात आवळून शिडीचं एक टोक उचललं, दुसरं कार्लीननं. फलाट उतरून हॉटेलच्या पायरीपर्यंत ते कसेबसे पोचले. तिथे लेनी मटकन बसला आणि बराच वेळ त्याला श्वासच घेता येईना.

मरी सांडणीला घेऊन त्याच्या शेजारी आला. "हूश्टा," तो हलकेच म्हणाला. शर्लीनं आधी पुढचे गुडघे टेकले, मग मागचे, आणि कुरकुरत जमिनीवर बसली.

"एका बाजूला दगड," मरी कार्लीनला म्हणाला, "दुसऱ्या बाजूला पाणी आणि सिमेंट. तोल साधला नाही तर पाठ सोलून निघते बिचारीची."

"अंकल, आणि ती उठलीच नाही तर?"

"उठेल. शिव्या देईल, पण उठेल."

शर्ली उठली. हॉटेलच्या आडोशाला काही भटके तंबू ठोकून राहिले होते, डोंगर चढायला आलेले शहरातले लोक. ते हातातली न्याहारी ठेवून बाहेर आले आणि रस्त्याच्या कडेला उभे राहिले. त्या मुख्य रस्त्यावरून, हॉटेलपुढून, लादलेलं जनावर पुन्हा चाललं होतं, आणि वेसणीची दोरी गुलाम घराण्यातल्या माणसाच्या हातात होती. बेरिलनं गळपट्टा नीट केला. गुडघा ठणकत होता, तरी ती त्या लोकांपुढून ताठ मानेनं चालत गेली.

गावामागे गोट्यांचं मैदान पसरलं होतं. त्यावरून चालताना पाय मुरगळेल की काय असं सारखं वाटत राहतं. मग कोरडी नदी आली आणि पांढऱ्या बुंध्यांची मोठी झाडं. काकाकुव्यांनी कोलाहल करून सगळ्यांचं स्वागत केलं. ऊन चढलं तसे स्वेटर कमरेला गेले. लेनी सगळ्यात पुढे लंगडत होता, मरी सगळ्यात मागे. बेरिल मधे. दोघांची वचावचा भांडणं परवडली, पण ही शांतता नको, असं तिला झालं होतं.

घळीच्या तोंडाशी दरड कोसळली होती. माणूस अंग चोरून गेला असता, लादलेली सांडणी नाही.

मरीनं डावीकडच्या कड्याकडे पाहिलं. "मी वर डोंगराच्या धारेवरून वळसा घालून येतो. तुम्ही इथून व्हा पुढे."

"मी येते सोबत," कार्लीन म्हणाली.

"नको गं पोरी. खालून दगड निसटले तर मला एकाच जिवाची काळजी पुरे."

लेनी दरडीतून घुसला.

झऱ्यापाशी पोचले तेव्हा सूर्य डोक्यावर होता. गोट्यांची रास होती तशीच होती. बेरिलनं गवत उपटलं, कार्लीननं चूल पेटवली. घरून आणलेला भात आणि मटणाची आमटी गरम झाली, निवाली, परत गरम झाली. मरीचा पत्ता नव्हता.

"गेला असेल घरी," लेनी म्हणाला. "दगड टाकून दिला असेल कुठेतरी."

बेरिलचं डोकं फिरलं. "लेन, तुला लाज वाटते का रे थोडी? मी एक फोन केला, तर दुसऱ्या दिवशीचं गिऱ्हाईक मोडून तो आला. तू काय बोललास ते सगळ्या घराला पाठ आहे. तो एकदा तरी उलटून बोलला का?"

लेनीनं टोपी डोक्यावर चढवली. मग काठी घेऊन उठला आणि कड्याच्या दिशेनं चढायला लागला. कार्लीन मागे धावली, तर त्यानं हातानंच तिला थांबवलं.

धारेवर पोचल्यावर त्याला जे दिसलं, ते त्यानं पुढे जन्मभर सांगितलं. पलीकडच्या घसरड्या उतारावर शर्ली पाय रोवून उभी होती. एक पट्टा तुटला होता आणि दगड कलला होता. मरी त्याच्याखाली खांदा लावून, गुडघ्यात वाकून, तो तोलून धरत होता. सोडला असता तर दगड दरीत आणि सांडणीही त्याच्यामागे. सांडणी हलू नये म्हणून तो तिच्याशी बोलत होता, अगदी हळू, त्याचे वडील उंटांशी बोलायचे त्याच सुरात.

"किती वेळ झाला असा उभा आहेस?" लेनीनं वरून विचारलं.

"तू यायला लावलास तेवढा."

लेनी बसून, घसटत, पँट फाडत खाली उतरला. त्यानं दुसरा खांदा दगडाखाली घातला. "आता दोर घे. मी धरतो."

"तुझा खुबा?"

"माझ्या खुब्याचं मी बघतो. तू गाठ मार."

खाली बेरिलला आधी त्यांच्या शिव्या ऐकू आल्या. "डावीकडे, गाढवा!" "गाढव तू, हा उंट आहे!" मग धारेवर मान दिसली, मग दोन टोप्या, आणि दगडावर दोन्ही बाजूंनी टेकलेले दोन म्हातारे. बेरिलनं डोळे पुसले नाहीत. वाहू दिले.

दुपार कलताना दगड उभा राहिला. त्यावर कोरलं होतं: मेरी गुलाम. या डोंगरांची लेक. उंटवाल्या फकीर गुलामची बायको. 'उंटवाला' हा शब्द कोरायचा की नाही यावरून लेनीनं आठवडाभर घोळ घातला होता. आता त्यानंच त्या अक्षरांतला चिखल बोटानं काढला. वडिलांकडून ऐकलेली प्रार्थना त्यानं म्हटली, मधेच अडला, आणि मरीनं पुढचे शब्द दिले. मग बेरिल आजीच्या, या डोंगरांतल्या मूळ लोकांच्या, भाषेत बोलली. फार नाही, आम्ही आलो, इतकंच.

मरीच्या खांद्यावर हाताएवढा काळानिळा डाग उठला होता. लेनीनं त्याच्या ताटात स्वतःच्या हातानं भात वाढला.

"माझ्या बापाच्या मयतीला तू जे बोललास," मरी घास घेत म्हणाला, "ते खरंच होतं. मी ढुंगणंच वाहतो."

"चूप बस आणि जेव," लेनी म्हणाला. "तुझ्यामुळे या घराण्यात उंट तरी राहिला. मी काय राखलं? रेल्वेच्या नोकरीतली टोपी."

परतीला मरीनं वेसणीची दोरी लेनीच्या हातात दिली. शर्लीनं मान वळवून नव्या माणसाला न्याहाळलं आणि त्याच्या बाहीवर भलीमोठी ढेकर दिली. लेनीनं बाही झटकली, दोरी मात्र घट्ट धरली.

उन्हं उतरत असताना ते गावात शिरले. तंबूतली एक बाई पुढे आली. "सकाळी तुम्हाला पाहिलं. वर काय नेलंत?"

"आमच्या आजीचा दगड," बेरिल म्हणाली. "उद्या जा तुम्ही तिकडे. घळीत दरड आहे, अंग चोरून जावं लागेल. पाणी भरपूर घ्या. आणि पोचलात की नाव मोठ्यानं वाचा, तिला ऐकू जाईल असं."

"कुणाचं नाव?"

बेरिलनं सांगितलं. बाईनं तिथेच, हॉटेलपुढच्या रस्त्यावर, एकदा म्हणून पाहिलं.

"अजून मोठ्यानं," बेरिल म्हणाली.