नावासाठी उंच झालेला बाक

मी एक लाकडी बाक आहे. वय बारा वर्षे, म्हणजे उन्हापावसात उभ्या असलेल्या बाकाच्या मानाने म्हाताराच. तालबूना गावात, हायवेच्या कडेला, हॉस्पिटलच्या बसच्या थांब्यावर माझा मुक्काम आहे. मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तूंनी गोड बोलावे अशी अपेक्षा असते. ती माझ्याकडून ठेवू नका. मी एका सेवा क्लबचा सेवा प्रकल्प आहे आणि सात महिने मी त्या लोकांच्या सभा ऐकल्या आहेत. तेव्हापासून गोड बोलणे मला जमत नाही.

माझा जन्म मात्र चांगल्या हातांनी झाला. वॉली ट्रेम्बाथ हा निवृत्त सुतार. तीस वर्षे क्लबचा सभासद, पण सभेत तोंड उघडायचे ते फक्त जेवायला. नदीकाठचा लाल लाकडाच्या निलगिरीचा एक जुना वृक्ष पुरात आडवा झाला होता. त्याच्या फळ्या वॉलीने चार वर्षे शेडमध्ये वाळवून ठेवल्या होत्या. त्यातून मी झालो.

मला मागितले होते डल्सी पॅटिसन यांनी. डल्सीबाईंनी एकतीस वर्षे गावच्या पोस्टाची खिडकी सांभाळली. आता त्यांची मूत्रपिंडे थकली होती. आठवड्यातून तीनदा, सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी, त्यांना सत्तर किलोमीटरवरच्या हॉस्पिटलात डायलिसिससाठी जावे लागे. त्यांनी क्लबला चारच ओळींचे पत्र लिहिले होते. थांब्यावर बसायला काही नाही, पाय दुखतात, एखादा बाक मिळाला तर उपकार होतील.

वॉलीने त्यांना शेडमध्ये बोलावले, फळांच्या रिकाम्या खोक्यावर बसवले आणि टेप काढला.

"डल्सी, ताठ बस."

"ही ताठच बसलेय. मी शाळेतसुद्धा पहिल्या रांगेत असायचे, आता काय उंच होणार?"

"मग पाठ खांद्यापर्यंतच ठेवतो. डोकं वर राहील, म्हणजे कुठल्याही बाजूनं ड्रायव्हरला दिसशील."

मित्रांनो, माझ्या आयुष्यात कोणी अक्कल वापरली असेल तर ती त्या दुपारी. पुढे जे झाले ते क्लबने केले.

तयार झाल्यावर मला थांब्यावर नेतील असे मला वाटले होते. मला नेले बोलिंग क्लबच्या हॉलमध्ये. तिथे दर मंगळवारी दुपारी या सेवाभावी मंडळींचे जेवण असते आणि जेवता जेवता सभा. मला शेवटच्या रांगेमागे भिंतीला लावले. माझ्यावर कोट टाकले, छत्र्या टाकल्या, लॅमिंग्टन केकचे ट्रे ठेवले. सात महिन्यांत एकही माणूस माझ्यावर बसला नाही.

सभा कशी चाले ते सांगतो. आधी जे आले नाहीत त्यांचे निरोप वाचायचे. यातच अर्धी सभा संपे. मग सभासद-वार्ता. कुणाचा गुडघा बदलला, कुणी जहाजातून फिजीला जाऊन आला, कुणाच्या नातवाला दात आला. गुडघ्याला टाळ्या, दातालाही टाळ्या. मग मटणाचा ट्रे कुणाला मिळणार याची सोडत. ती निघाली की सगळ्यांना घाई व्हायची, आणि गावासाठी जे काही करायचे ते त्या घाईत उरकायचे.

त्या वर्षीचा अध्यक्ष होता ट्रेव्हर ओल्डफील्ड, ट्रॅक्टर विकणारा. अध्यक्षपदाची साखळी गळ्यात घालून तो सूप प्यायचा आणि साखळी सुपात बुडायची. एका मंगळवारी माझा विषय निघाला.

"बाकाची पाठ हायवेकडे करायची," ट्रेव्हर म्हणाला. "धान्याचे ट्रक जातात, शहरातली माणसं जातात. क्लबचं नाव सगळ्यांना दिसलं पाहिजे. हातभर अक्षरांत!"

"पण मग बसणाऱ्याला बस कशी दिसेल?" वॉलीने विचारले. तीस वर्षांतला तो त्याचा पहिला प्रश्न असावा, कारण सगळ्यांचे काटे हवेतच थांबले.

"अरे बाबा, बसला बाक दिसेल ना!" ट्रेव्हर म्हणाला आणि हॉल हसला. अध्यक्षाच्या विनोदाला हसणे हा तिथला पहिला नियम.

सचिव ग्लेनिसने वही पुढे ओढली. "क्लबचं नाव झालं. पण कुणाच्या कारकिर्दीत झालं, ते कसं कळणार? ट्रेव्हरचं नाव नको?"

"नको नको," ट्रेव्हर म्हणाला आणि लगेच पुढे म्हणाला, "मावेल का?"

मावत नव्हते. वॉली म्हणाला, पाठीला वर आणखी दोन फळ्या लावाव्या लागतील.

"मग लाव की!"

"डल्सीचं डोकं झाकलं जाईल."

"हा ठराव आहे का, वॉली?"

"ठराव नाही. डोकं आहे."

"मग त्याला अनुमोदन कोण देणार? पुढचा विषय."

पुढचा विषय मटणाचा ट्रे होता.

मला वॉलीचाही राग आला. त्याने घरी जाऊन दोन फळ्या तासल्या आणि निमूटपणे मला लावल्या. वाद नको म्हणून चांगली माणसे गप्प बसतात, आणि ट्रेव्हरसारख्यांचे त्यावरच भागते. पाठीवर पांढऱ्या रंगात नावे चढली. खाली क्लब, वर अध्यक्ष. मग थांब्यावर खड्डे खणून माझे पाय सिमेंटमध्ये पुरले. ट्रेव्हरने फीत कापली. अकरा फोटो निघाले. क्लबच्या वार्तापत्रात मी पहिल्या पानावर होतो. फीत कापणारा, फीत धरणारी, कात्री देणारा, सगळे त्या फोटोत होते. डल्सीबाई नव्हत्या.

त्या आल्या सोमवारी सकाळी. पिशवी मांडीवर घेऊन त्या माझ्यावर बसल्या आणि मला प्रथमच वाटले की मी कशासाठी तरी जन्मलो आहे. त्यांच्या समोर मोकळे माळरान होते आणि पाठीमागे हायवे. बसचा आवाज आला. त्या उठेउठेपर्यंत बस निघून गेली.

दुसऱ्या खेपेला बसचा ड्रायव्हर सेमिसी खाली उतरला. हा टोंगा बेटांवरचा, धिप्पाड गडी, वयाने मोठ्या सगळ्याच बायकांना मावशी म्हणणारा.

"मावशी, सोमवारी होतात कुठे?"

"इथेच होते. बाकावर."

सेमिसीने रस्त्यावर जाऊन माझ्याकडे पाहिले आणि परत आला. "मावशी, तुम्ही इथं बसलात की मला नुसता ट्रेव्हर ओल्डफील्ड दिसतो. त्याच्यासाठी मी कशाला बस थांबवू?"

डल्सीबाई खूप हसल्या. पण त्या दिवसापासून त्या माझ्यावर बसायच्या बंद झाल्या. मला धरून उभ्या राहायच्या. ज्यांचे पाय दुखतात म्हणून मी आलो, त्या माझ्या शेजारी अर्धा अर्धा तास उभ्या. मित्रांनो, बाकाला याहून मोठा अपमान नाही.

दोन वर्षे असेच चालले. सेमिसीची पाळी असली की तो थांबायचाच. पण ड्रायव्हर बदलत. एका हिवाळ्यात सेमिसी रजेवर होता. डल्सीबाईंना उभे राहवेना, म्हणून त्या जरा टेकल्या. बदली ड्रायव्हर निघून गेला. शुक्रवारी पुन्हा तेच झाले. रविवारी त्यांना श्वास घेता येईना आणि अँब्युलन्स आली.

महिन्याभराने मुलीचा हात धरून त्या परतल्या. मुलगी जनीन शहरात राहते. माझ्यापाशी उभी राहून ती म्हणाली, "आई, आणखी एकदा डायलिसिस चुकलं तर मी तुला तिकडच्या वृद्धाश्रमात हलवणार. मग हे घर, बाग, कोंबड्या, सगळं विसरायचं. मी हात जोडून सांगतेय."

"चुकणार नाही गं," डल्सीबाई म्हणाल्या. पण त्यांनी माझी कड इतकी घट्ट धरली होती की त्यांची भीती मला कळली. बासष्ट वर्षे त्या एकाच घरात राहत होत्या.

त्यांनी क्लबला पुन्हा पत्र लिहिले. वरच्या दोन फळ्या काढता आल्या तर बरे होईल. काय झाले ते वॉलीने त्यांना इथे येऊन सांगितले, मान खाली घालून. पत्राची नोंद झाली. उपसमिती नेमली गेली. उपसमितीत ट्रेव्हर होता. फळ्या काढायच्या नाहीत यावर सगळ्यांचे एकमत झाले, आणि का ते मी सांगतो. बागेतल्या नळावर एका माजी अध्यक्षाचे नाव आहे. घड्याळावर दुसऱ्याचे. कचऱ्याच्या डब्यावर तिसऱ्याचे, आणि त्याचाही त्याला अभिमान आहे. आज ट्रेव्हरचे नाव उतरले तर उद्या डब्यावरचे उतरेल. म्हणून हे लोक एकमेकांच्या नावांची राखण करतात. गावाची केली असती तर गाव सुधारले असते.

मग प्रांतपाल बाईंची भेट ठरली. वर्षातून एकदा क्लबांवरचा हा मोठा अधिकारी येतो, आणि त्याला प्रकल्प दाखवावे लागतात. आता ग्लेनिस अध्यक्ष होती. बुधवारी सकाळी सगळे कोट-ब्लेझर घालून थांब्यावर जमले. गाड्या कुठे लावल्या? बसच्या जागेत. डल्सीबाई पिशवी घेऊन उभ्याच होत्या. त्यांना पाहून ग्लेनिसला आनंद झाला.

"वा, लाभार्थीसुद्धा आहे! बसा ना, डल्सी. फोटोत हव्या आहात तुम्ही."

"माझी बस येईल गं."

"दोन मिनिटं हो!"

डल्सीबाई भिडस्त. पोस्टाच्या खिडकीत एकतीस वर्षे त्यांनी कुणाला नाही म्हटले नव्हते. त्या बसल्या. बाकीचे माझ्या पाठीमागे रस्त्याच्या बाजूला रांगेत उभे राहिले, कारण नाव तिकडून दिसते.

"बाई कुठे आहेत?" फोटोवाला ओरडला.

"बसल्यात की!"

"दिसत नाहीत!"

"डल्सी, जरा मान उंच करा. अजून. हात तरी वर करा!"

मित्रांनो, माझ्या पाठीवरून एक सुरकुतलेला हात वर आला आणि तेवढाच फोटोत आला. त्याच क्षणी बस आली. बदली ड्रायव्हरने पाहिले, थांब्यावर गाड्या, ब्लेझरवाल्यांची रांग, कसलातरी समारंभ. त्याने वेग कमी केला, आदराने हॉर्न वाजवला आणि निघून गेला. ट्रेव्हरने त्याला हात केला.

डल्सीबाई उठल्या. "ती माझी बस होती," त्या म्हणाल्या.

"दुसरी येईल ना?" ट्रेव्हर म्हणाला.

"शुक्रवारी."

प्रांतपाल बाईंनी विचारले, "कुठली बस? कुठे जायचं होतं यांना?" ग्लेनिस म्हणाली, "ते आपण जेवताना बोलू, भाजलेलं मटण थंड होईल." मी लाकडाचा आहे, पण मला शरम वाटली.

वॉली रांगेतून बाहेर आला. ब्लेझर काढून त्याने माझ्यावर टाकला. "चल डल्सी, गाडीत बस."

"वॉली, फोटो राहिलाय!"

"तुम्ही काढा," तो म्हणाला. सत्तर किलोमीटर त्याने गाडी हाणली. त्या दिवशीचे डायलिसिस चुकले नाही.

दुपारी तो एकटा परत आला. परतीच्या बसवर सेमिसी होता, तो डल्सीबाईंना आणणार होता. रस्त्यापलीकडच्या बोलिंग क्लबात जेवण अजून चालूच होते. वॉलीने टूलबॉक्समधून करवत काढली. माझे पाय सिमेंटमध्ये होते, मला फिरवणे शक्य नव्हते. त्याने माझ्या पाठीवर हात फिरवला, मूळ पाठ जिथे संपत होती ती रेघ शोधली आणि कापायला लागला.

आवाज ऐकून मंडळी नॅपकिनसकट बाहेर आली.

"वॉली! अरे, ही क्लबची मालमत्ता आहे! ठराव कुठाय?" ट्रेव्हर ओरडला.

"सरक, भुसा डोळ्यात जाईल."

"माझं नाव आहे त्याच्यावर!"

"म्हणूनच तर कापतोय."

प्रांतपाल बाई पुढे आल्या. ट्रेव्हरला वाटले, आता या वॉलीची कानउघाडणी करणार. त्यांनी फळीचे दुसरे टोक धरले. "अशी धरू का? नाहीतर चिरेल," त्या म्हणाल्या. सुताराच्या घरातल्या असाव्यात. मला दुखले, खोटे कशाला सांगू. पण आयुष्यात इतके बरेही कधी वाटले नव्हते.

वार्तापत्रात वॉलीबद्दल दीड ओळ आली. सभासद-वार्ता, श्री. ट्रेम्बाथ यांनी राजीनामा दिला आहे. गुडघ्यांना आणि दातांना जास्त जागा होती. पुढच्या अंकात 'क्लबतर्फे बाकाची यशस्वी सुधारणा' असा मथळा आला. त्याखाली ग्लेनिसचा फोटो होता. या लोकांना लाज नावाची वस्तू सोडतीतसुद्धा लागायची नाही.

त्यानंतर क्लबचे कोणी माझ्याकडे फिरकले नाही. मला तेल लावतो तो वॉली, दर उन्हाळ्यात. क्लबच्या उरलेल्या अक्षरांवर पक्षी बसतात आणि त्यांचे मत नोंदवून जातात.

मित्रांनो, तुम्हीही मोठेपणी कुणाला काहीतरी द्याल. नाव कुठे येईल ते मागाहून बघा. आधी ज्याला द्यायचे त्याला खोक्यावर बसवा आणि टेप काढा. दिल्यावर विसरू नका, अधूनमधून येऊन स्वतः बसून पाहा. आम्हा वस्तूंची आणि म्हाताऱ्या माणसांची एवढीच मागणी असते.

डल्सीबाई अजून त्यांच्याच घरात राहतात. आज बुधवार आहे. ड्रायव्हर नवा आहे, सेमिसी नाही. त्या माळरानाकडे तोंड करून बसल्या आहेत, पिशवी मांडीवर, पाय लांब सोडून. मागे बसचा आवाज येतो आहे. त्या घाईने उठत नाहीत, वळूनही बघत नाहीत. ब्रेक लागल्याचा आवाज आल्यावर त्या सावकाश पिशवी उचलतात.