उरलेलं तेल

माझी धाकटी बहीण मंजुळा एकदा घाबरली की कुणाचं ऐकत नाही. तिच्या मुलीला, शालनला, बघायला डोंबिवलीहून माणसं येणार होती. आता बघायचं तरी काय? शालन आणि उत्तम एकाच कंपनीत कामाला, दोघांचं आपसात केव्हाच ठरलेलं. शालनच्या डब्यातली कोलंबी खाऊनच तो मुलगा प्रेमात पडला, असं माझं मत आहे. राहिला होता फक्त त्याच्या आईचा, गंगुबाईंचा होकार. आई नको म्हणाली तर मी पुढे जाणार नाही, असं त्यानं शालनला साफ सांगितलं होतं. वर हेही सांगितलं, की आमच्या घरी मासळी शिजत नाही, आईला चालत नाही.

झालं! चेंदणी कोळीवाड्यातल्या त्या घरातून मासळीचा वास घालवायला मंजुळा आठवडाभर झटत होती. फरशी फिनेलनं पुसली, धूप जाळला, सुक्या बोंबलांचा डबा शेजारच्या मनुबाईकडे नेऊन ठेवला. "आता खाडी कुठं नेऊन ठेवतेस?" असं मी विचारलं, तर दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

खाण्याचं मात्र आम्ही शहाणपणानं केलं. दुकानातलं फरसाण परवडणारं नव्हतं. म्हणून पातळ पोह्यांचा चिवडा घरी, शंकरपाळी घरी, केळ्याचे वेफर मी स्वतः किसणीवर पाडले, आणि विकतचा काय तो एकेक पेढा. बशी अशी भरलेली दिसत होती की मलाच मोह होत होता.

येणार होते पाचजण. आले ते काका, मामा, मामाची मुलं, मुलांच्या बायका. निरोप धाडताना माणसानं आपली तोंडं मोजू नयेत का? बशा निम्म्या लोकांनाही पुरल्या नाहीत.

मंजुळा स्वयंपाकघरात डोळ्यांत पाणी आणून उभी. "आता गं मालू?"

"बेसन हाय, कांदा हाय. भजी टाक. आनि रडू नको," असं सांगून मी बाहेर पाहुण्यांशी गप्पा मारायला गेले.

गरम भजी आली. पहिली बशी मानानं गंगुबाईंपुढे ठेवली. दुसरी माझ्यासमोरून गेली आणि ओळखीचा वास आला. मी आत धावले.

"तेल कंचं घेतलंस?"

"रेशनचं संपलं. म्हनून त्या किटलीतलं..." तिचा हात तोंडावर गेला. मागच्या रविवारी बोंबील तळून उरलेलं तेल गाळून त्या किटलीत ठेवलं होतं. उरलेलं तेल टाकायचं नाही, ही आमच्या आईची शिकवण. घरातलं सगळं हलवलं, तेवढी एक किटली राहिली होती.

बाहेर गंगुबाईंनी अर्धं भजं खाल्लं होतं. उरलेलं अर्धं त्यांनी नाकाशी नेलं. उत्तमचा चेहरा उतरला.

"ह्यात काय घातलंय वो?"

मंजुळाला खोटं बोलता येत नाही. दारात येऊन तिनं हात जोडले. "बोंबील तळलेलं तेल गेलं त्यात. मुद्दाम नाय केलं, ताई. माझी चूक हाय, पोरीला बोल लावू नका."

गंगुबाईंनी ते अर्धं भजं तोंडात टाकलं, सावकाश चावून गिळलं.

"मग बोंबील कुठायत?"

उत्तम म्हणाला, "आई, तुला चालत नाही ना?"

"मला? अरं, घरमालकांना चालत न्हाई! त्यांच्या माडीवर भाड्यानं राहतो आपण. जागा देतानाच तशी अट घातली. तू पाळण्यात हुतास. तवापासनं मी तोंड बांधून बसलेय!"

मी चप्पलही न घालता मनुबाईकडे डबा आणायला पळाले. त्याच तेलात बोंबील तळले, आणि मामा-काकांनी चिवड्याच्या बशा बाजूला सारल्या. मंजुळा चुलीपाशी बसून हसतही होती आणि रडतही होती. इतकं हायसं मला माझ्या स्वतःच्या लग्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

निघताना मंजुळानं उरलेल्या बोंबलांची पुडी बांधून गंगुबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती घेतली, आणि परत केली.

"घरी कशी न्यायची? हितंच ठेवा, विहीणबाई. मी येत जाईन."